ठोक्यांवर पाळत

सकाळी ८
विभागात आल्यावर आधी लूप रेकॉर्डरच्या रात्रीच्या नोंदी उघडते. छातीच्या कातडीखाली बसवलेलं हे जेमतेम ४५ मिलिमीटर लांबीचं यंत्र सुमारे तीन वर्षं हृदयाचे ठोके टिपतं आणि उशाजवळच्या ट्रान्समीटरमार्फत आम्हाला कळवतं. यंत्राने ‘अनियमित’ म्हणून निवडलेली प्रत्येक पट्टी मी स्वतः वाचते. कधी ते नुसते जादा ठोके असतात. एखादी पट्टी मात्र खरी निघते, आणि ती लगेच डॉक्टरांकडे जाते.

सकाळी ९.३०
स्ट्रोक वॉर्डातून व्हीलचेअरवर एक काका येतात. उजवा हात लुळा पडलाय, शब्द अडतात. एमआरआयमध्ये मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली दिसते. मानेच्या वाहिन्या मोकळ्या, टूडी एको ठीक, ईसीजीही ठीक. मग गुठळी आली कुठून? रक्त अडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात याचं उत्तर मिळत नाही.
छातीवरचे केस काढून, कातडी स्पिरिटने पुसून मी इलेक्ट्रोड चिकटवते आणि होल्टर, म्हणजे सलग ठोके नोंदवणारं अंगावर बाळगायचं यंत्र, जोडते. सुनेला सांगते, “ताई, उद्यापर्यंत अंघोळ नको. धडधड, चक्कर, जेवण, झोप, सगळं वेळ टाकून या वहीत लिहा.”

सकाळी ११
कालचं होल्टर वाचायला घेते. एका दिवसात सुमारे एक लाख ठोके. मी शोधते ते एट्रियल फिब्रिलेशन, आमच्या बोलण्यात ‘एएफ’. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाते. पट्टीवर पी लहर, म्हणजे वरचे कप्पे आकसल्याची खूण, नाहीशी होते, दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलतं. हे ३० सेकंद टिकलं तर एएफ धरायचं. दात घासतानाच्या हालचालीनेही पट्टी बिघडते. तेव्हा वहीतली वेळ कामी येते.

दुपारी २
न्यूरोलॉजिस्टसोबत बैठक. एका रुग्णाचा मुलगा विचारतो, “रक्त पातळ करायची गोळी आत्ताच का देत नाही?” डॉक्टर समजावतात: एएफ न सापडताच कारण अज्ञात असलेल्या रुग्णांना अशी गोळी देऊन पाहिली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नॅव्हिगेट ईसस’ चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत पुन्हा होणारे झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. एएफ सापडलं, तर हीच गोळी पुढचा झटका टाळू शकते. म्हणून आधी शोध.
शोध किती दिवस, हे २०१४ च्या ‘क्रिस्टल एएफ’ चाचणीने दाखवलं. ४४१ रुग्णांपैकी ज्यांना लूप रेकॉर्डर बसवला, त्यांच्यात वर्षभरात १२.४ टक्क्यांना एएफ सापडलं. नेहमीच्या तपासण्यांत फक्त २ टक्क्यांना. तीन वर्षांनी हे आकडे ३० आणि ३ झाले. उशिरा सापडलेलं एएफ पहिल्या झटक्याचं कारण होतंच, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण उपचाराचा निर्णय त्यावरून घेता येतो.

दुपारी ४
ओपीडीतल्या मावशींना लूप रेकॉर्डरचा खर्च झेपणारा नाही. मग १४ दिवसांचं होल्टर ठरतं. त्यांच्या मुलीला मनगटावर नाडी बघायला शिकवते. “ठोके वेडेवाकडे लागले, तर फोन करून थेट ईसीजीला आणा.” ती दोनदा करून दाखवते, तेव्हाच पुढचा नंबर बोलावते.

संध्याकाळी ६
अहवाल लिहिते. पहिल्या ओळीत किती तास नोंद झाली आणि त्यातली किती वाचण्याजोगी होती. मग निष्कर्ष: ‘या २४ तासांत एएफ आढळलं नाही.’ घरच्यांना ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढंच ऐकू आलं, तर पुढची तपासणी राहून जाते. म्हणून अहवाल हातात देताना पुढची तारीखही देते आणि ती का चुकवायची नाही, हे दोन वाक्यांत सांगते. ज्याच्या झटक्याचं कारण सापडलेलं नाही, त्याची फाइल एका दिवसाच्या पट्टीवर बंद होऊ नये.