आकाशातले भारनियमन

लहान विमान हवेत असताना त्यातली वीज गेली, तर ते खाली कोसळते का? एका शाळेत कवितावाचनाला गेलो असताना एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. कवितेच्या माणसाला हा प्रश्न कशाला, असे आपल्याला वाटेल. पण ते पोर कराडचे होते आणि कराडला धावपट्टी आहे. कोयना प्रकल्पाच्या कामासाठी १९५५च्या सुमारास वारुंजीजवळ ती बांधली गेली. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची छोटी विमानेही तिथून उडालेली कराडकरांनी पाहिली. तेव्हा डोके वर करून प्रश्न विचारणे हा इथल्या पोरांचा हक्कच आहे.

उत्तर असे, की विमान कोसळत नाही. अशा बहुतेक विमानांच्या इंजिनात मॅग्नेटो असतो. इंजिन फिरते तोवर तो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. मात्र रेडिओ, दिवे, दिशा दाखवणारी यंत्रे आणि नव्या विमानांतले पडदे विजेवरच चालतात. स्वच्छ दुपारी त्यांच्यावाचून निभावते. रात्री किंवा ढगांत, एकट्याने उडणाऱ्या विशीतल्या विद्यार्थ्यासाठी मात्र तो जिवाचाच प्रश्न होतो.

ही वीज इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर तयार करतो. इंजिन जोरात फिरले की दाब वाढतो, मंदावले की उतरतो. हा चढउतार आवरायला व्होल्टेज रेग्युलेटर असतो. तळहातावर मावेल एवढी ही डबी अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाला किती प्रवाह द्यायचा, हे क्षणाक्षणाला ठरवते. २४ व्होल्टची बॅटरी असेल तर दाब २८ व्होल्टच्या आसपास राखायचा, १२ व्होल्टची असेल तर १४च्या. मोटारसायकलवाल्यांना हा नातेवाईक ओळखीचा आहे. गॅरेजमध्ये ज्याला ‘आरआर युनिट’ म्हणतात, त्याचेही काम हेच.

काही विमानांत २४ व्होल्टची बॅटरी का घेतात? याचे उत्तर कोयनेच्या तारांवर लटकलेले आहे. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो, आणि त्याच तारेतली उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच कोयनेची वीज मुंबईकडे उच्च दाबाने जाते, आणि म्हणूनच विमानात तारा बारीक ठेवून वजन वाचवता येते.

आता मुख्य शत्रूकडे येऊ. आमच्या मोहल्ल्यात मोटार वायंडिंग करणारे एक चाचा आहेत. ते मला म्हणाले, “शायर, यंत्र आधी तापतं, मग बिघडतं. तापलेलं कळलं, तर बिघडायचं थांबवता येतं.” विमानालाही हे वाक्य जसेच्या तसे लागू आहे. समजा, २८ व्होल्टवरून १४ व्होल्टचा रेडिओ चालवायचा आहे आणि तो २ अँपिअर घेतो. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीचे १४ व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो. रेडिओला २८ वॉट मिळतात आणि तितकेच २८ वॉट नुसत्या उष्णतेत जातात. वीज झपाट्याने चालू-बंद करून दाब उतरवणारे नवे साधन ९० टक्के कार्यक्षम असेल, तर तेच काम करताना सुमारे ३ वॉटच वाया जातात.

उरलेली उष्णता बाहेर काढावीच लागते. त्यासाठी अॅल्युमिनियमच्या पंखांची पाठ असते. ती वाऱ्याच्या दिशेने बसवावी लागते आणि धातूला धातू नीट टेकावा लागतो. रेग्युलेटर बहुधा इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या आगरोधक भिंतीवर असतो, म्हणजे तव्याच्या शेजारीच. उडताना वारा मिळतो. उतरून इंजिन बंद केले की तो थांबतो, आणि सिलिंडरांची साठलेली उष्णता झाकणाखाली पसरून आतले तापमान आणखी चढते. एप्रिल-मेच्या उन्हात तेच विमान लगेच पुन्हा सुरू केले, तर बॅटरी भरपूर प्रवाह मागते, इंजिन मंद असल्याने अल्टरनेटरला जोर लावावा लागतो, आणि वारा नसतो. काम सर्वाधिक असते तेव्हाच गारवा सर्वांत कमी असतो.

दुसरा घात सैल जोडणीचा. रेग्युलेटरला दाब मोजून देणारी तार किंवा अर्थिंग सैल झाले, की त्याला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तो इमानदारीने दाब वाढवत जातो आणि बॅटरी उकळू लागते. यासाठी वेगळा पहारेकरी ठेवलेला असतो. २८ व्होल्टच्या विमानात दाब ३१-३२च्या पुढे गेला की तो अल्टरनेटरच तोडून टाकतो. त्यानंतर उरते ती फक्त बॅटरी. ती सुस्थितीत असेल, तर साधारण अर्धा तास.

तेव्हा वैमानिक काय करतो? आपण वर्षानुवर्षे सोसले तेच, भारनियमन! अल्टरनेटर एकदा बंद-चालू करून पाहायचा. नाहीच जमले, तर गरजेचे नसलेले सारे बंद करायचे, एक रेडिओ राखायचा आणि जवळची धावपट्टी गाठायची. रेडिओही गेला, तर मोठ्या विमानतळावरच्या मनोऱ्यातून प्रकाशाची खूण मिळते. स्थिर हिरवा दिवा म्हणजे ‘उतरा’.

त्या मुलाला मी एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, “बाळा, वर गेल्यावर जे लागते त्याची काळजी जमिनीवर घ्यायची असते.” उडण्याआधी पाना घेऊन एक नट आवळणारा, पंखांवरची धूळ पुसणारा मेकॅनिक कुणाला दिसत नाही. पोर सुखरूप घरी येते, त्यात त्याचा मोठा वाटा असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)