मोरीचा नवा पाइप जुन्याला कसा जोडावा?

आपण मोरीत नवा शॉवर बसवतो. त्याचे सांडपाणी नेणारा पाइप प्लॅस्टिकचा घेतो. पण जुन्या वाड्यांत, चाळींत आधीचा पाइप बिडाचा असतो. दोघांचा सांधा कसा करायचा?

पुष्कळ जण सांध्यावर सिमेंट थापतात आणि मोकळे होतात. पण प्लॅस्टिक गुळगुळीत. सिमेंट त्याला धरून राहत नाही. ऊन पाणी गेले की प्लॅस्टिक फुगते, गार झाले की आकसते. सांधा सुटतो. मग घाण पाणी गुपचूप भिंतीत मुरते. जवळ विहीर असली, तर तिच्यातही उतरते. ते पाणी पिऊन घर आजारी पडते.

म्हणून आधी जुना पाइप हातोडीने हलकेच ठोकून पाहावा. आवाज खणखणीत आला, तर पाइप चांगला. बद्द आला, तर तो चिरलेला असण्याचा संभव असतो. बीड कडक, पण ठिसूळ. घाव घालू नका, करवतीने कापा.

दोन्ही पाइपांची बाहेरची जाडी मोजा. त्या मापाचा रबरी जोड आणा. तो दोन्हीकडे चढवून न गंजणाऱ्या पट्ट्यांनी आवळा. पाइपाला 40 इंचांत 1 इंच उतार द्या. मोरीला नहाणी ट्रॅप हवाच. त्यात साठून राहणारे पाणी गटाराची घाण वर येऊ देत नाही.

शेवटी दोन बादल्या पाणी ओता. सांध्याखाली कागद धरा. कागद कोरडा राहिला, तरच वर फरशी बसवा.