ढेपेतील बुरशी, दुधाचा पेला

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एका आजीबाईंची साखर तपासत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, सरकीच्या ढेपेले बुरशी लागली. वरची झाडून म्हशीले देतो. दूध तं उकळूनच पेतो आमी.’’ त्यांचा दीड वर्षाचा नातू तेच दूध पितो.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ढेप गोठोगोठी असते, म्हणून हे आपणांस सांगणे आवश्यक वाटते. दमट हवेत ढेप, शेंगदाणे, मका यांवर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. बुरशी झाडता येते. विष आत मुरलेलेच राहते. जनावराच्या यकृतात रूपांतर होऊन ते ‘एम-१’ या रूपाने दुधात उतरते, व उकळूनही नाहीसे होत नाही. अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. हिपॅटायटिस-बी असणाऱ्यांना तर धोका कितीतरी अधिक. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते.

हे घरी मोजता येईल का? आजींची साखर मोजणारे यंत्र हाही विद्युत-रासायनिक संवेदकच. पट्टीवरील विकराची साखरेशी क्रिया होते, सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो मोजते. अफ्लाटॉक्सिनसाठी विकराऐवजी त्या विषालाच नेमके पकडणारे प्रतिपिंड विद्युताग्रावर बसवतात. विष चिकटले की प्रवाह बदलतो. अडचण प्रमाणाची आहे. रक्तात साखर लिटरला सुमारे एक ग्रॅम असते, तर दुधातील एम-१ ची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ वीस लाखपट कमी! शिवाय दुधातील स्निग्धांश व प्रथिने विद्युताग्रावर बसून मोजणी बिघडवतात. ढेपेचे तर विचारूच नका: विष ठिकठिकाणी साचलेले असते, एक चिमूट स्वच्छ निघते आणि शेजारची विषारी. दूध एकजीव असते. म्हणून अशा यंत्राची पहिली जागा, माझ्या मते, दूध संकलन केंद्रात.

तोवर पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच ढेप आणा. बुरशी दिसली की ती देणे थांबवा. थांबवल्यावर काही दिवसांतच दुधातील एम-१ उतरते.

आजींनी जाताना विचारले, ‘‘मंग कोंबड्याईले टाकू का?’’ नाही म्हणालो. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, त्यातूनच तर या विषाचा शोध लागला.