मीठ बंद म्हणजे काय बंद?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण आपल्या आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातले. आजींचे डोके दुखायचे, जिना चढताना धाप लागायची. रक्तदाब पाहिला तर १८०/११०. मी गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत बजावले, "माताजी, आज से मीठ बंद!" आजींनी मान डोलावली.

महिन्याने त्या पुन्हा आल्या. गोळ्या नियमित घेतल्या होत्या, तरी रक्तदाब १७६/१०८. मी जरा रागानेच विचारले, "परहेज किया था?" त्या म्हणाल्या, "डाक्टर साहब, महीनेभर से मीठा छुआ तक नहीं. चाय भी फीकी पीती हूँ."

बाहेर बसलेले पेशंट हसले. मला मात्र हसू आले नाही. आजी महिनाभर साखर सोडून बसल्या होत्या आणि खारट लोणचे दोन्ही वेळच्या जेवणात चालू होते. त्या महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला असता, तर ती चूक माझी ठरली असती, त्यांची नव्हे.

एक शब्द, दोन चवी

मराठीतले मीठ आणि हिंदीतला मीठा हे सख्खे भाऊ. मिष्टान्नातला 'मिष्ट' हा दोघांचा पूर्वज. त्याचा अर्थ रुचकर, चवदार. हिंदीत हा शब्द गोडाकडे गेला. मराठीत जेवणाला चव आणणाऱ्या पांढऱ्या खड्याला तो चिकटला. गुजरातीत तर 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही! हिंदीतला 'नमक' फारसीतून आला. संस्कृतातले 'लवण' आपल्याकडे लोण झाले. त्यातूनच लोणचे आले आणि मीठ नसलेले ते अळणी झाले. रूपाला आपण लावण्य म्हणतो, तेही या लवणावरूनच. (लोणी मात्र या घरचे नव्हे, ते नवनीतापासून आलेले.) 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे म्हणताना तर मीठ म्हणजे सगळे अन्नच.

भाषेची ही गंमत झाली. पण दवाखान्यात तीच अंगाशी येते, आणि तीही केवळ परभाषिकांच्या बाबतीत नव्हे.

"मीठ तर मी खातच नाही!"

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. खोदून विचारले की कळते, ताईंच्या लेखी मीठ म्हणजे पानात लिंबाशेजारी वाढलेले मीठ. आमटी-भाजीतले, पिठात घातलेले, ते मोजायचेच नाही. लोणचे, पापड, ठेचा, खारवलेल्या मिरच्या, फरसाण, खारी, सुके बोंबील यांतले मीठ तर कोणी मिठात धरतच नाही. खाण्याचा सोडा आणि पापडखार यांना आपण मीठ म्हणत नाही, पण रक्तदाब वाढवणारे सोडियम त्यांतही आहे.

दुसरी पळवाट नावांची. "डॉक्टर, साधे मीठ सोडले, आता सैंधवच वापरते." सिंधू नदीच्या मुलखातले म्हणून ते सैंधव, बोलीत शेंदेलोण. काळे मीठ म्हणजे पादेलोण. रंग, वास, चव वेगळी असली तरी ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. सैंधव चालेल म्हणून सढळ हाताने घातले तर रक्तदाबाला फरक कळत नाही. शिवाय सैंधवात बहुधा आयोडीन घातलेले नसते. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो, गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही बाधा येते. म्हणूनच २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे साधे मीठ विकण्यास देशात मनाई आहे.

बाजारात 'कमी सोडियम'चे मीठही मिळते. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. अनेकांना ते उपयोगी पडते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होऊ शकतो. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

मग किती खावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात सगळे आले. पानातले, भाजीतले, पापडातले आणि सैंधवही. सोपा उपाय सांगतो. घरात माणशी एक सपाट चमचा या हिशेबाने दिवसाचे मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवा. लोणचे-पापड घरात खाल्ले जात असतील तर त्यातून थोडे कमी करा. वाटी संपली की मीठ संपले. चव हळूहळू उतरवा. लिंबू, कोकम, आले, लसूण, कोथिंबीर मदतीला घ्या. काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

आणि 'बंद' हा माझा शब्दही चुकलाच होता. शरीराला थोडे मीठ लागतेच. मीठ अगदी तोडले, त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्या, तर वयस्कर माणसाला गळून जाणे, भ्रम होणे असे त्रास होऊ शकतात. गोळ्याही आपल्या मनाने थांबवू नयेत.

त्या आजींना मी त्या दिवशी मिठाची बरणीच दाखवली. "ये कम. शक्कर थोडी चलेगी." त्या मनापासून हसल्या. गोळ्या आणि कमी मीठ, दोन्ही मिळून तीन महिन्यांत रक्तदाब १४०च्या आसपास आला.

वाचकहो, डॉक्टरांनी पथ्य सांगितले की नुसती मान डोलावू नका. "म्हणजे नेमके काय, आणि किती?" हे दोन प्रश्न जरूर विचारा. आम्हा डॉक्टरांनाही त्याची गरज असते.