धूर, अग्नी आणि मळाची तपासणी

मंडळी, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातलं अनुमान आपण मागे पाहिलं. आज तेच आपण मळाच्या तपासणीला लावून बघू. नाकं मुरडू नका, विषय जिवाचा आहे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा गाठीतून, पॉलिपमधून, सुरू होतो. त्याला बरीच वर्षं लागतात. तेवढ्यात ती सापडली तर काढता येते. पण धडधाकट दिसणाऱ्या प्रत्येकाच्या आतड्यात दुर्बीण घालायची कशी? म्हणून मग मळातच खूण शोधायची.

पहिली खूण म्हणजे रक्त, डोळ्यांना न दिसणारं. जुनी ग्वायाक चाचणी मटण खाल्लेल्यालाही फसायची. धुक्याला धूर म्हणावं, तसं. पुढे आलेली फिट चाचणी फक्त माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखते. धुकं गेलं, पण नैयायिकांचा तापलेला लोखंडी गोळा उरलाच. त्यात अग्नी असतो, धूर नसतो. काही गाठींतून रक्त येतच नाही, काहींतून अधूनमधून येतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डेव्हिड अल्क्विस्ट यांनी खूणच बदलली. रक्त अधूनमधून येतं, पेशी मात्र सतत झडत असतात. मग त्यांचा बिघडलेला डीएनए का शोधू नये? पंचाईत अशी, की मळातला बहुतेक डीएनए जीवाणूंचा, माणसाचा अगदी चिमूटभर. तो वेगळा काढण्यातच वर्षं गेली. शेवटी डीएनएच्या खुणा आणि रक्ताची चाचणी अशी मोट बांधली गेली आणि 2014 साली तिला तिथे मान्यता मिळाली.

त्याच वर्षी सुमारे 10,000 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलोनोस्कोपीत 65 जणांना कर्करोग निघाला. त्यातले 60 नव्या चाचणीने ओळखले, फिटने 48. बारा माणसं म्हणजे थोडी नव्हेत. पण नवी चाचणी शंभरातल्या 16 जणांना पॉझिटिव्ह म्हणाली, फिट सातांना. म्हणजे नवीत पॉझिटिव्ह आलेल्या 26-27 जणांत कर्करोग एकालाच. आम्ही तर्कशास्त्र शिकवणारे असा हेतू 'व्यभिचारी' म्हणून नापास करू. डॉक्टर करत नाहीत, आणि आमच्या मते त्यांचंच बरोबर आहे. कारण इथे सिद्ध करायचं आहे ते 'कर्करोग आहे' हे नव्हे, 'आत बघायला हवं' एवढंच.

तेव्हा पॉझिटिव्ह आली तर 'खात्री करून घेऊ' म्हणून तीच चाचणी पुन्हा करायची नाही; कोलोनोस्कोपीच करायची. निगेटिव्ह आली तरी लोखंडी गोळा आहेच, म्हणून अमेरिकेत फिट दरवर्षी आणि डीएनए चाचणी एक ते तीन वर्षांनी करतात. आणि ज्यांना रक्त डोळ्यांनी दिसतंय, पण घरचे 'मूळव्याध असेल हो' म्हणताहेत, त्यांच्यासाठी यातली कुठलीच चाचणी नाही. त्यांनी सरळ डॉक्टर गाठायचा.