सायलेन्सरच्या आधीचा डबा

पेट्रोल गाडीच्या धुराच्या वाटेवर, सायलेन्सरच्या आधी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. आत बारीक छिद्रांची सिरॅमिक जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. (चोरांचा डोळा असतो तो यावरच!) विषारी कार्बन मोनॉक्साइडचा इथे कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन.

गंमत म्हणजे डबा साधारण २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. म्हणून थंड इंजिनाची पहिली काही मिनिटंच सगळ्यात घाणेरडी.

पेट्रोलमधलं शिसं या डब्याचा हाडवैरी. थर निकामी करतं. त्यामुळे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबतच आणावं लागलं.

गाडी मिसिंग करतेय, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाहीये? दुरुस्तीला टाळाटाळ नको. न जळलेलं पेट्रोल त्या डब्यात पेटतं आणि जाळी वितळू शकते.