२९३ विरुद्ध ५४, ४४४ विरुद्ध ९४

१८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली. समारंभाला राजे, राजपुत्र आणि सेनाधिकारी जमले होते. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना तिथे स्थान नव्हतं. आन्तोन फॉन वेर्नेर या चित्रकाराने हा प्रसंग अनेकदा रंगवला. त्यातल्या १८८५ च्या चित्रात प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क पांढऱ्याशुभ्र गणवेशात उठून दिसतो. प्रत्यक्षात त्या दिवशी तो निळ्या गणवेशात होता.

महिनाभर आधी मात्र लोकप्रतिनिधींचं एक शिष्टमंडळ व्हर्सायला येऊन गेलं होतं. प्रशियाच्या विल्हेल्म राजाने सम्राटपद स्वीकारावं, ही विनंती घेऊन आलेल्या या शिष्टमंडळाचा प्रमुख होता एडुआर्ड सिम्झोन. याच सिम्झोनने १८४९ मध्ये फ्रँकफुर्टच्या संसदेच्या वतीने विल्हेल्मच्या थोरल्या भावाला मुकुट देऊ केला होता, आणि लोकांच्या हातून मुकुट नको म्हणून त्या राजाने तो नाकारला होता. १८७० मध्ये धाकट्या भावाने होकार दिला, पण राजेरजवाड्यांची संमती हाती आल्यावरच. आधी राजे, मग लोक, हा क्रम पुढची सगळी वर्षं टिकला.

बिस्मार्कने मताधिकार मात्र सढळ हाताने दिला. पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला राइशस्टागसाठी, म्हणजे साम्राज्याच्या संसदेसाठी, गुप्त मतदानाचा हक्क मिळाला. ब्रिटनमध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला तो १८७२ मध्ये. राइशस्टागच्या मंजुरीशिवाय कायदा होत नसे, अंदाजपत्रकही संमत होत नसे. पण सरकारचा प्रमुख, म्हणजे चान्सलर, नेमायचा कैसरने (सम्राटाने) आणि काढायचाही कैसरनेच. सभागृह कितीही खवळलं तरी सरकार पडत नसे. शिवाय साम्राज्याच्या दोनतृतीयांश भूभागावर पसरलेल्या प्रशियात, राज्याच्या विधिमंडळासाठी, भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्ग पाडलेले होते. ती पद्धत १९१८ पर्यंत चालली.

या रचनेत सर्वांत आधी भरडले गेले ते सोशल डेमोक्रॅट. १८७८ मध्ये कैसरवर लागोपाठ दोन हल्ले झाले. हल्लेखोरांशी पक्षाचा संबंध नव्हता, तरी बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्धचा कायदा करून घेतला. सभांवर, वृत्तपत्रांवर, संघटनांवर बंदी आली. कार्यकर्ते शहरांतून हद्दपार झाले. निवडणूक लढवण्याचा हक्क तेवढा शाबूत राहिला. पक्षाचं साप्ताहिक झुरिकला छापलं जाई आणि युलियुस मोटेलर या कार्यकर्त्याने उभ्या केलेल्या गुप्त यंत्रणेतून सीमेपलीकडे जर्मनीत पोहोचे. १८७७ मध्ये पाच लाखांच्या आसपास मतं असलेल्या या पक्षाला १८९० मध्ये चौदा लाखांवर मतं पडली. त्याच वर्षी कायद्याची मुदत संपली आणि बिस्मार्कही गेला. १९१२ मध्ये ३९७ पैकी ११० जागा जिंकून सोशल डेमोक्रॅट सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष झाले. तरीही सत्तेच्या दाराशी त्यांना कुणी उभं करत नव्हतं.

त्या सभागृहाची खरी ताकद किती, हे त्साबेर्न या आल्सेसमधल्या लहानशा गावाने दाखवून दिलं. १९१३ च्या ऑक्टोबरात फोर्स्टनेर नावाच्या विशीतल्या लेफ्टनंटने नव्या सैनिकांसमोर स्थानिक लोकांना शिवी हासडली आणि त्यांच्यापैकी कुणाला भोसकलंत तर दहा मार्क देईन, असं म्हटलं. बातमी फुटली. लोक रस्त्यावर त्याची टर उडवू लागले. २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कर्नल फॉन रॉयटरने भरलेल्या बंदुका घेऊन सैनिक चौकात उतरवले. समोर येईल त्याला पकडलं गेलं, न्यायालयातून बाहेर पडणारे न्यायाधीशही सुटले नाहीत. पकडलेल्यांपैकी अनेकांनी ती रात्र बराकीच्या तळघरात काढली. चार दिवसांनी फोर्स्टनेरने शेजारच्या गावात एका लंगड्या चांभारावर तलवारीने वार केला.

४ डिसेंबरला राइशस्टागमध्ये चान्सलर बेथमान होल्वेगविरुद्ध ठराव आला. बाजूने २९३ मतं, विरोधात ५४. कॅथलिकांचा सेंटर पक्ष, उदारमतवादी, समाजवादी, सगळे एका बाजूला. दुसऱ्या दिवशी चान्सलर आपल्या जागी होता, आणि पुढे १९१७ पर्यंत राहिला. रॉयटर लष्करी न्यायालयात निर्दोष सुटला. फोर्स्टनेरला झालेली ४३ दिवसांची शिक्षा अपिलात रद्द झाली.

बिस्मार्कपासून हिटलरपर्यंत सरळ रेघ ओढणारे इतिहासकार आहेत. मला ती रेघ पटत नाही. मध्ये माणसांनी घेतलेले अनेक निर्णय आहेत आणि त्यांतला प्रत्येक वेगळा होऊ शकला असता. पण त्साबेर्नचं मतदान वाचलं की एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या पक्षांवर सरकार चालवण्याची जबाबदारी अर्धशतक कधी पडलीच नाही, त्यांना विरोध करायची सवय लागली, तडजोड करून राज्य हाकायची नाही.

जबाबदारी आली तीही पराभवासोबत. २९ सप्टेंबर १९१८ रोजी सेनानी लुडेनडोर्फने युद्ध हरल्याची कबुली वरिष्ठांना दिली आणि आता संसदेतल्या पक्षांनी पुढे येऊन निस्तरावं असं सुचवलं. २८ ऑक्टोबरला चान्सलर सभागृहाला जबाबदार झाला. बारा दिवसांत कैसरशाही कोसळली. युद्धबंदीवर सही केली ती माटियास एर्त्सबेर्गर या मुलकी राजकारण्याने. १९२१ मध्ये त्याचा खून झाला. तोवर, रणांगणावर अजिंक्य असलेल्या सैन्याच्या पाठीत घरच्यांनीच खंजीर खुपसला, हे खोटं सेनापती हिंडेनबुर्गच्या तोंडून चौकशी समितीसमोर अधिकृतपणे मांडलं गेलं होतं.

नव्या प्रजासत्ताकाच्या १९१९ च्या वायमार घटनेतल्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला. पहिला राष्ट्राध्यक्ष एबर्टने तो शंभराहून अधिक वेळा वापरला, बहुतेकदा प्रजासत्ताक वाचवण्यासाठी. (आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू असताना, ऑगस्ट १९४९ मध्ये, ह. वि. कामत यांनी वायमारचा हाच दाखला देऊन सभागृहाला सावध केलं होतं.) घसरण सुरू झाली ती मार्च १९३० मध्ये. बेकारी विम्याची वर्गणी साडेतीनवरून चार टक्के करायची की नाही, या वादात सोशल डेमोक्रॅट हेर्मान म्युलरचं आघाडी सरकार पडलं. यात सोशल डेमोक्रॅटांचाही दोष आहे, आणि तो लहान नाही. अर्ध्या टक्क्यासाठी बहुमताचं शेवटचं सरकार गेलं. त्यानंतरच्या चान्सलर ब्र्यूनिंगने अर्थविषयक वटहुकूम काढले, सभागृहाने ते फेटाळले, तर त्याने सभागृहच विसर्जित केलं. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरून १०७ वर गेले. १९३२ साल उजाडेपर्यंत वटहुकमांची सवय इतकी मुरली की त्या वर्षी राइशस्टागने पाच कायदे केले, आणि वटहुकूम निघाले साठाहून अधिक. हिटलर यायच्या आधीच सभागृह रिकामं पडलं होतं.

३० जानेवारी १९३३ ला तो चान्सलर झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस राइशस्टागची इमारत जळाली, दुसऱ्या दिवशीच्या वटहुकमाने मूलभूत हक्क स्थगित झाले. ५ मार्चच्या निवडणुकीत, एवढी दहशत माजवूनही, नाझींना ४३.९ टक्के मतं मिळाली. नव्या सभागृहाचं उद्घाटन पॉट्सडाममध्ये २१ मार्चला ठेवलं गेलं. साम्राज्याची पहिली राइशस्टाग १८७१ मध्ये याच तारखेला भरली होती.

२३ मार्चला क्रोल ऑपेराच्या नाट्यगृहात बैठक झाली. व्यासपीठामागे भलंमोठं स्वस्तिक. आत-बाहेर गणवेशातले नाझी, बाहेरून घोषणा. ८१ कम्युनिस्ट सभासदांपैकी एकालाही येऊ दिलं नाही. १२० सोशल डेमोक्रॅटांपैकी २६ तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते. युलियुस लेबेरला तर दाराशीच पकडलं. घटनादुरुस्तीला हवी असलेली गणसंख्या अडवता येऊ नये म्हणून सभापती गोअरिंगने नियम बदलून घेतला : विनापरवानगी गैरहजर असलेला सभासद हजर धरायचा. संसदेशिवाय, आणि घटनेला डावलूनही, कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारं पाच कलमांचं विधेयक समोर होतं. सेंटर पक्षाच्या कासने हिटलरकडून लेखी आश्वासनाचा शब्द घेतला होता. ते पत्र आलंच नाही. पक्षाने तरी बाजूने मत दिलं.

विरोधात एकच भाषण झालं, सोशल डेमोक्रॅटांच्या ओटो वेल्सचं. खिशात विषाची कुपी ठेवून तो बोलायला उभा राहिला होता. बिस्मार्कच्या कायद्याने आम्ही संपलो नाही, या नव्या छळातूनही बळ घेऊ, हे त्याने हिटलरसमोर सांगितलं. छळ सोसणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याने तिथूनच अभिवादन केलं. मतं पडली ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळी त्याच्या पक्षाची. मला ही चौऱ्याण्णव मतं जर्मन संसदीय इतिहासातली सर्वांत मोठी कमाई वाटतात, कारण प्रत्येकाला नावानिशी मत द्यायचं होतं.

वायमारची घटना पुढे औपचारिकपणे रद्द झालीच नाही. चार वर्षांसाठी केलेला तो कायदा १९३७, १९३९ आणि १९४३ मध्ये वाढवला गेला. वेल्स सप्टेंबर १९३९ मध्ये पॅरिसमध्ये वारला, लेबेरला जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिली. ९४ पैकी कुर्ट शूमाखरने जवळपास दहा वर्षं छळछावण्यांत काढली, त्यातली बहुतेक दाखाउमध्ये. १२ सप्टेंबर १९४९ रोजी पश्चिम जर्मनीच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षपदासाठी तो उभा राहिला. त्याचा प्रतिस्पर्धी टेओडोर हॉयस, क्रोल ऑपेरात मन मारून, पण विधेयकाच्या बाजूनेच मत दिलेला उदारमतवादी. दुसऱ्या फेरीत हॉयस ४१६ मतांनी निवडून आला. शूमाखरला ३१२ मिळाली.